अकरा दिवसांचं औषध

ता. ४ मार्च
ती. वहिनीस सा. न. वि. वि.

शिवणाचं मशीन दुरुस्त झालं का? दादाच्या हाडातल्या जंतूंवरचा माझा लेख पुरा होत आला. तू विचारलंस म्हणून सोपं करून सांगते. हा जंतू आपल्याच पोटात एक विष बनवतो आणि जोडीला त्याचा उताराही. दोघं एकमेकांना घट्ट धरून असतात, आणि ही जोडीच दोघांचं पुढचं उत्पादन थोपवते. विष टिकाऊ, उतारा लवकर विरतो, सारखा ताजा लागतो. संकट आलं की उतारा कमी पडतो, विष मोकळं होतं आणि जंतू मरण्याऐवजी निजतो. औषध मारतं ते वाढणाऱ्याला. निजलेला वाचतो, औषध थांबलं की उठतो. दादाचं हेच झालं असावं. रुग्णाने सहा आठवडे एकही गोळी चुकवली नाही, हे मी छातीठोकपणे लिहिलंय, कारण घरात तू होतीस. मजकूर सोबत आहे. चुका काढ, त्यात तुझा हात कोण धरणार!

माया आहे तशीच राहू दे.
तुझी नणंद

ता. १५ मार्च
प्रिय वन्सं, स. न. वि. वि.

मशीन ठीक आहे. मजकूर शब्दकोश घेऊन तीनदा वाचला. जंतूंचं मला काय कळणार? पण गोळ्यांचं ते वाक्य खोटं आहे.

शेवटचे अकरा दिवस मी त्यांना औषध दिलं नाही. पोटात काही ठरत नव्हतं. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, आता पुरे कर, एक घास सुखाने खाऊ दे. जखम सुकली होती. मला वाटलं, बरे झाले. ते अकरा दिवस ते जेवले, हसले, बाईसाहेब आता डॉक्टरीण होणार म्हणून माझी थट्टा केली. मग ताप आला आणि त्यातच ते गेले. डॉक्टरांना आणि तुम्हाला मी सांगितलं होतं, औषध पुरं झालं.

दोन वर्षं मी ही गोष्ट गिळून बसले. तुमच्या नजरेतून उतरले तर मला दुसरं कोण आहे? पण माझ्या खोट्यावर तुमचं शास्त्र उभं राहायला नको. आणि एक सांगा, गोड करून नको: दिलं असतं तर ते राहिले असते का?

रागावलात तरी दोन ओळी पाठवा.
तुमची वहिनी

ता. २ एप्रिल
ती. वहिनीस सा. न. वि. वि.

उशीर झाला. राग आला होता, लपवत नाही. दादाचं उदाहरण लेखातून काढलं. लेख लंगडा झाला, होऊ दे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक नाही. कदाचित राहिला असता. कदाचित जंतू आधीच निजले होते, आणि अकरा दिवसांनी काही बदललं नसतं. माझ्याकडचे जंतू ताप आल्यानंतर त्याच्या हाडातून काढलेले. आधीचं ते सांगू शकत नाहीत. खोटं लिहून तुला मोकळं करावंसं वाटलं. तू नको म्हणालीस म्हणून नाही लिहिलं.

त्या सहा आठवड्यांत मी एकदाच आले, गोळ्यांचा तक्ता तुझ्या हातात दिला आणि निघाले. पुरे कर असं तो मला कधी म्हणाला नाही. ऐकायला मी होते कुठे?

वहिनी, त्या अकरा दिवसांत तो काय जेवला, कशाकशाला हसला, सगळं लिही. मला तो आजारीच आठवतो.

तुझीच,
नणंद