रोहूसाठी बाहेरगावची सोयरीक

मनीषनगर, नागपूर
दि. १० जुलै २०२५

आदरणीय मामा,

सविनय जयभीम. इतके दिवस पत्र नाही, याबद्दल आधी क्षमा मागतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर गर्दीत आपली भेट झाली, तेव्हा "घरी पोहोचलो की पत्र टाकतो" असे मी म्हणालो होतो. दीक्षाभूमीपासून मनीषनगरला पोहोचायला मला नऊ महिने लागले, असे तुम्ही म्हणालात तर माझ्याकडे उत्तर नाही. रोज रात्री डायरीत "मामांना पत्र" असे लिहितो आणि ते लिहून झाले की पत्रच लिहून झाल्यासारखे समाधान वाटते. या समाधानाचा मला अलीकडे संशय येऊ लागला आहे.

तुमची प्रकृती कशी आहे? मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी मी आलो नाही, अशी मामींची समजूत झाल्याचे ऐकले. मी आलो होतो. रामदासपेठेतल्या दवाखान्यात आलो होतो, वेळेवर आलो होतो, आणि "अंकुशरावांचे ऑपरेशन आज आहे ना?" असे विचारून त्यांच्या माणसांबरोबर दुपारपर्यंत बसलोही होतो. ते अंकुशराव दुसरे निघाले आणि त्यांचे दुखणे हर्नियाचे होते. (तेही आता बरे आहेत. त्यांच्या सुनेचा अधूनमधून फोन येतो.) मामींच्या गुडघ्याचे कसे आहे तेही कळवावे. तुमची भाचसून प्रीती दोघांनाही नमस्कार सांगते.

इकडची हकीकत जरा लांब आहे. कन्हानजवळची आपली हॅचरी तुम्ही एकदा पाहिली आहे आणि बाहेर पडताना "हे तर माशांचं बाळंतपण आहे गा" असे म्हणाला होतात, ते बरोबरच होते. पावसाळ्यात रोहूचे मोठे नर-माद्या निवडायचे, त्यांना पराच्या मुळाशी इंजेक्शन द्यायचे, वाहत्या पाण्याच्या गोल टाकीत सोडायचे. मग भिजवलेल्या साबुदाण्यासारखी अंडी पाण्यात फिरू लागतात आणि त्यांतून जिरे निघतात. (इतक्या बारीक पिल्लांना आमच्यात जिरेच म्हणतात, बोटाएवढी झाली की बोटुकली.) हे जिरे वाढवून आम्ही कन्हानकडच्या मच्छीमार बायांच्या संस्थेला देतो. त्या बाया तलावात सोडतात, वर्षभर सांभाळतात आणि त्यावर त्यांची घरे चालतात. माझे काम एवढेच की जीव चांगला निघावा. चांगला जीव म्हणजे काय, यावर मी पूर्वी विचार केला नव्हता, असे आता दिसते.

मागच्या महिन्यात त्या संस्थेच्या अध्यक्ष यमुताई सकाळीच डोक्यावर टोपली घेऊन आल्या आणि त्यांनी ती सरळ माझ्या टेबलावर उपडी केली. वर्षभर वाढलेले रोहू. एकही वीतभरापेक्षा मोठा नाही, आणि बऱ्याच जणांची शेपटाकडची बाजू अशी वाकलेली की जणू त्यांना कुणी मागून हाक मारली आहे. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. यमुताई म्हणाल्या, "सरजी, हे रोहू हाय का रोहूचे फोटू?" मी खाद्याबद्दल विचारले. "खाद्य काय कमी देल्लं जी? पेंड खाल्ली, कोंडा खाल्ला, सारं खाल्लं. मोठं व्हाचं तेवढं राहून गेलं." मग त्या खुर्चीवर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या की या वर्षी बाजारात नेण्यासारखे काहीच निघाले नाही, बाया त्यांना जाब विचारत आहेत. पोळ्याच्या आत तलावात धडधाकट बोटुकली पडली नाही तर संस्था कलकत्त्याहून येणाऱ्या बियाण्याच्या गाडीला होकार देणार. आणि एकदा ती गाडी लागली की आमच्या हॅचरीला कुलूप लावावे लागेल, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. जाताना त्यांनी मासे टेबलावरच ठेवले. त्यामुळे दिवसभर मी त्यांच्याकडे आणि ते माझ्याकडे पाहत होतो.

आता दोष कुठे, हे शोधणे आले. पाणी तपासले, औषध तपासले. दोन-तीन वर्षांपासून टाकीतली बरीच अंडी सकाळी मरून पांढरी पडत होती, त्याचे खापर मी उन्हावर फोडत आलो होतो (नागपुरात उन्हावर खापर फोडले की कुणी पुरावा मागत नाही). शेवटी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीमागे आमच्या माशांची वंशावळ काढायला घेतली. ती काढायला फार वेळ लागला नाही. सगळ्या रेघा एकाच जागी जाऊन मिळाल्या. हॅचरी सुरू केली तेव्हा आणलेल्या एकाच खेपेतल्या माशांची ही सगळी लेकरे-नातवंडे. बाहेरचा मासा आणला तर रोग येईल, म्हणून मी दर वर्षी आपल्याच टाकीतले सर्वांत देखणे निवडत गेलो आणि पुढच्या वर्षी त्यांनाच आई-बाप केले. मी याला शिस्त म्हणत होतो. गोविंदा (आमचा हॅचरीतला माणूस; बोलायला स्पष्ट आहे) पत्रिकेकडे बराच वेळ पाहून म्हणाला, "म्हणजे सर, आपण इतके वर्षं भावाबहिणीचेच लग्न लावून राहिलो होतो काय?" मी म्हणालो, शास्त्राच्या भाषेत तसे म्हणता येईल. "शास्त्र राहू द्या जी. सुई तर तुमीच टोचली ना?"

मामा, यातले दुःख तुमच्या लक्षात येईल, कारण माझी मते तुम्हाला इतरांपेक्षा जास्त सोसावी लागली आहेत. दर हिवाळ्यात आपल्या समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्यात मी मंचावर असतो. नात्यात लग्न करू नका, असे दर वर्षी माइकवरून सांगतो. गेल्या वेळी तर आते-मामे भावंडांचे जमत आलेले एक स्थळ मी खाली उतरून, दोन्हीकडच्या मंडळींना चहा पाजून, मोडले. आणि आपल्या घरातले म्हणाल तर विशाखासाठी तुम्ही मला विचारले, तेव्हा मामाची मुलगी नको, रक्ताचे नाते आहे, असे मी तुम्हाला पाच पानी पत्राने कळवले होते. त्यात आकृत्याही होत्या. तो विषय मी इथे काढत नाही. (काढत नाही असे म्हणून काढलाच, हे लिहिल्यावर दिसले, पण शाईचे पेन आहे.) माझे मत आजही तेच आहे. विशाखाला पुढे उत्तम जोडीदार मिळाला आणि दोघे तुमच्याच गावात शेती सांभाळतात, तेव्हा कुणाचे काही बिघडले नाही. बिघडले ते रोहूंचे. माणसांना मंचावरून जे सांगत होतो ते टाकीजवळ गेल्यावर मला आठवू नये, याचा अर्थ काय लावायचा? माझे ते मत होते, की नुसते भाषण पाठ होते? प्रीतीला विचारले तर ती म्हणाली, "आधी नर शोधा. अर्थ मग लावू."

म्हणून स्थळ पाहायला निघालो. दुसरा शब्द सुचत नाही. गोंदियाकडे मधुसूदन म्हणून एकांचे मत्स्यपालन आहे, त्यांच्या रोहूंची फार तारीफ ऐकली होती. मी आणि गोविंदा पिकअपवर टाकी चढवून गेलो. मधुसूदनजींनी रीतीप्रमाणे आधी पोहे दिले, वरून तर्री वाढली, मग चहा. जाळे ओढले, तेव्हा एकेक नर असा चकचकीत की गोविंदाने तोंडात बोट घातले. मी छातीचे पर चाचपून पाहिले, खरखरीत लागले (नर असल्याची ती खूण, मादीचे मऊ असतात). खाद्य काय, रोग कधी आला होता का, पाणी कुठले, सगळे विचारले. घासाघीस केली नाही. सोयरिकीत ते बरे दिसत नाही. नर मोजून टाकीत चढवले, ऑक्सिजन लावला, हात जोडले, आणि गाडी सुरू झाल्यावर खिडकीतून मी सहज म्हणालो, "मधुसूदनजी, घराणं मात्र मानलं तुमचं." ते बिचारे आनंदाने लाल झाले. "आमचं काय जी त्यात? तुमचंच बी आहे सर! तुमच्या हॅचरीतूनच नेलं होतं. कोणी विचारलं तं मी नागपूरवाल्या सरांचंच नाव सांगतो."

गाडी सुरूच राहिली. त्यांच्याकडे पाणी मोकळे, मासे विरळ, म्हणून ते अंगाने भरले होते एवढेच. रक्त आमच्याच अंगणातले. इतके प्रश्न विचारले, आणि मुलाचे आई-बाप कोण हा जो प्रश्न आपल्याकडे चुलत मावशीसुद्धा दारातच विचारते, तोच राहिला. गोविंदा म्हणाला, "गाडी पलटवू का सर? का आता आलेच हायत तं माहेरपण करून जाऊ द्याचं?" मी गाडी वळवायला सांगितले. मधुसूदनजींना परत करण्याचे कारण सांगितले, ते त्यांना पटले नाही. "आमच्यात काय कमी दिसलं?" असे ते पुनःपुन्हा विचारत होते. नकार देताना समोरच्याला आपल्यातच खोट वाटते आणि कितीही आकृत्या काढल्या तरी ती समजूत जात नाही. हे मला त्या तळ्याच्या काठावर उभे असताना पहिल्यांदा कळले. निघताना त्यांनी पोह्यांचाही आग्रह केला नाही.

त्यानंतर आणखी तीन ठिकाणी विचारले. दोन ठिकाणचे मासे पुन्हा आमचेच निघाले. आमचे बियाणे पूर्व विदर्भात इतके पोहोचले आहे, याचा मला आजवर अभिमान होता. तिसऱ्या ठिकाणी हंगामाचे नर आधीच संपलेले. यमुताई परवा येऊन गेल्या. भांडल्या नाहीत. टाकीतल्या माद्यांकडे पाहून एवढेच म्हणाल्या, "पोटं भरून आले जी मायांचे, आता थांबून राहतीन काय त्या तुमच्यासाठी?" माद्या खरोखरच थांबणार नाहीत. आठ-दहा दिवसांत काही जमले तर जमले. त्या बायांचे एक वर्ष मी घालवले आहे. दुसरे घालवण्याचा मला हक्क नाही.

बाकी सर्व क्षेम. मामींना जयभीम. तुम्ही डोळ्यांत औषध वेळेवर घालत असालच.

आपला भाचा,
धम्मानंद

ता. क. : सहज आठवले म्हणून लिहितो. तुमच्या शेतातल्या तळ्यात वैनगंगेच्या पुरातले रोहू धरून सोडले होते आणि ते आता चांगले मोठे झाले आहेत, असे ऐकले. नदीचे मासे, म्हणजे आमच्या टाकीशी कसलेही नाते नाही. त्यांतले दहा-बारा नर हंगामापुरते मिळाले तर फार उपकार होतील. काम झाले की मी स्वतः सुखरूप आणून सोडीन.

दुसरा ता. क. : वर "सहज आठवले" असे लिहिले, ते खरे नाही. हे सगळे पत्र त्यासाठीच आहे आणि पिकअपही सांगून ठेवली आहे. हे वाचून तुम्ही मामींना हाक मारून काय म्हणाल, ते मला इथपर्यंत ऐकू येते : "आयकलं काय वं? माही पोरगी त्याले चालली नाही, आता माहे मासे चालून राहिले!" मामा, नाते आहे म्हणून तेव्हा नाही म्हणालो, नाते नाही म्हणून आता मागतो. माझ्या बाजूने तत्त्व एकच आहे. तुमच्या बाजूने ते तसे दिसणार नाही, हेही मला मान्य आहे.

तिसरा ता. क. : पाकीट बंद करण्याआधी पत्र प्रीतीला वाचायला दिले. तिने एकच विचारले, "ते तळं कोणाचं आहे?" तळे विशाखाचे आहे. खोदून तिने घेतले, पुरात उतरून मासे तिने धरले, खाऊ तीच घालते. "मग पत्र मामांना काहून?" ती पाच पानेही मी तुम्हालाच पाठवली होती. विशाखाला कुणी काही विचारल्याचे मला आठवत नाही, ना तुम्ही, ना मी. तेव्हा माशांबद्दल वर जे लिहिले आहे ते कृपा करून वाचले नाही असे समजावे आणि फक्त प्रकृतीचे कळवावे. ती नाही म्हणाली तर मी कारण विचारणार नाही.

(त्याच रात्री, डायरीत) उद्याचे काम : विशाखाला फोन करणे.