डायोड टेकला का?

माझ्या हट्टी बाबा,

आज लिहायला बसले, कारण सकाळी तुमच्या ॲम्प्लिफायरचं झाकण उघडलं. तुम्ही गेल्यापासून सहा महिने तो टेबलाखाली तसाच पडून होता. काल कॅम्प-वन वस्तीतले तुमचे रेडिओदोस्त देवांगनकाका म्हणाले, "बेटी, भैया का वो जला हुआ डब्बा मुझे दे दो, पुर्जे काम आएँगे." देण्याआधी पुसून घ्यावा म्हणून उघडला. आता वाटतं, न पुसताच दिला असता तर!

पावर हाउस बाजारातल्या भंगारातून तो आणलात तेव्हा मी किती हसले होते, आठवतं? टॅक्सीच्या जुन्या वायरलेसचा डबा. आपल्या हौशी हॅम रेडिओवर त्यातून बोललात की आवाज नुसता फाटायचा. तुम्ही समजावलंत, "हा एक तं पूर्ण ओरडते, नाही तं झोपते. माणसाचं हळू बोलणं त्याले समजतच नाही. याले जरासं जागं ठेवा लागते."

म्हणून ट्रान्झिस्टरांना सतत थोडं व्होल्टेज द्यायचं, आणि नजर ठेवायला एक डायोड त्यांना चिकटवायचा. ट्रान्झिस्टर तापले की डायोडला कळतं, तो व्होल्टेज उतरवतो. डायोड टेकलाच नाही तर ते तापत जातात आणि शेवटी जळतात. "अंगाले हात लावल्याबिगर ताप समजते का वो?" असं म्हणत तुम्ही दर वेळी डब्यावर तळहात ठेवायचात.

तुमच्या हाताला कंप सुटला होता, म्हणून डायोडचं काम माझ्याकडे आलं. त्या रविवारी मला दुर्गला मैत्रिणीच्या साखरपुड्याला जायचं होतं. डायोड चिकटवायच्या पेस्टच्या ट्यूबचं तोंड वाळून बसलं होतं आणि ते मोकळं करायला टाचणी शोधायचा मला कंटाळा आला. डायोड तसाच वर, हवेत ठेवून सोल्डरचे टाके मारले.

"सुमे, डायोड टेकला का?"

"हो बाबा, टेकला. मले उशीर होऊन राहिला!"

परत आले तर घरभर जळका वास. तुम्ही लहान सेटवरून देवांगनकाकांना सांगत होतात, "टाँका मेरा ही कच्चा था." मी दारात चपला काढत उभी होते. का नाही बोलले मी?

पुढे ॲम्प्लिफायरविना त्या लहान सेटवरून तुमचा आवाज कुठे पोचेचना. रविवारी सगळे दोस्त रेडिओवर जमायचे आणि म्हणायचे, "भिलाई, आप सुनाई नहीं दे रहे." तुम्ही तीन-तीनदा नाव सांगायचात, मग माइक खाली ठेवायचात. "जाऊ दे, आज हवाच खराब आहे." हवा चांगली होती, बाबा. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत सगळं ऐकत होते.

आणि आज पाहते तर जळके ट्रान्झिस्टर तिथे नाहीतच! नवी जोडी बसवलेली. कुठून मिळवलीत हो? टाके तुमच्याच थरथरत्या हातचे, वेडेवाकडे पण पक्के. फक्त डायोडची जागा रिकामी. तिथे पेस्टची नवी ट्यूब, तिच्या तोंडात खोचलेली टाचणी, आणि कागदाच्या पट्टीवर तुमचं अक्षर: "डायोड सुमी लावील. घाई नाही."

टाचणीसुद्धा! म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं. त्याच दिवशी झाकण उघडून पाहिलं असणार, आणि तरी दोष स्वतःवर घेतलात. मला राग येतोय तुमचा. एकदा माझ्यावर ओरडायचं होतं! नुसतं "ये वो, बस इथं" म्हणायचं होतं. मी बोलेन म्हणून तुम्ही वाट पाहिलीत, आणि तुम्ही विसराल म्हणून मी. आता कुणापुढे कबूल करू?

डबा देवांगनकाकांना देणार नाही. डायोड मी लावते. घाई नाही. तळहात ठेवून ताप पाहीन, मीटरच्या काट्यावरून नजर हलवणार नाही. आणि येत्या रविवारी, तुम्ही मागे लागून काढायला लावलेल्या माझ्या हॅमच्या लायसन्सवर, सगळ्यांना पहिलं वाक्य हेच सांगेन, की बाबांचा टाका कच्चा नव्हता, डायोड मी टेकवला नव्हता. भिलाईचा आवाज त्या दिवशी सगळ्यांना ऐकू जाईल, बाबा.

तुमची,
उशिरा तुमच्यापाशी बसलेली
सुमी