कोकमतेलाच्या गोळ्याबद्दल दुरुस्ती

बोरीवली (पूर्व),
सोमवार, २ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप जानकीआत्येस,
श्रुतिकेचा साष्टांग नमस्कार.

आधी दुरुस्ती, मग ख्यालीखुशाली. (गिरणी बंद पडल्यावर आजोबांकडे वेळच वेळ होता, तो त्यांनी मला पत्र लिहायला शिकवण्यात घालवला. मागच्या पत्रात काही चुकीचं गेलं असेल तर पुढच्या पत्रात ते सगळ्यात आधी सुधारायचं, समोरच्याचा गुडघा नंतर विचारायचा, हा त्यांचा नियम. तुलाही त्यांनीच शिकवलं, त्यामुळे तू रागावणार नाहीस.)

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की, तू दिवाळीत वाडीतल्या निलेशबरोबर पाठवलेल्या कोकमतेलाच्या गोळ्याला बाबांनी हातसुद्धा लावला नाही, तो कपाटावर तसाच पडून होता, म्हणून मी तो वितळवून त्याचा लिपबाम केला. यातला लिपबाम तेवढा खरा आहे. बाकी चूक आहे. हात लावला नव्हता हे एक वेळ धरून चालू, पण बाबांनी त्याला पाय लावला होता. रोज. मोजे घालायच्या आधी.

आता गुडघा. कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं तेल लावतेस ना, की बाटली देवाजवळ ठेवली आहेस? गुणाजीकाकांच्या म्हशीने पुन्हा तुझे वाल खाल्ले का? इकडे आम्ही तिघं बरे आहोत. आईचे ओठ तर फारच बरे आहेत, आणि तोच सगळा घोळ आहे.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण तुझ्याकडे रेंज फक्त विहिरीच्या कठड्यापाशी येते, तिथे गुणाजीकाका फोन स्पीकरवर टाकून हातात धरून उभे राहतात आणि माझ्या प्रत्येक वाक्याला वाडीतल्या दोघीतिघी हं हं करतात. बाबांच्या टाचा हा विषय मला त्यांच्यासमोर काढायचा नव्हता. शिवाय तुझं उत्तर वाचल्यापासून मला चैन नाही. तू नेहमी पान भरून लिहितेस आणि जागा संपली की समासात लिहितेस. या वेळी चार ओळी आल्या, आणि शेवटी, ‘बरां झालां, गोळो फुकट गेलो नाय.’ आई म्हणाली, वन्सं रडल्या असतील. मी म्हटलं, कागदावर डाग नाहीये. आई म्हणाली, रडताना पत्र पुढ्यात कोण धरतं गं?

म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. तुला ठाऊक असलेलंही लिहिते, कारण मधलं काही गाळलं की मला खोटं बोलल्यासारखं वाटतं. गेल्या मेमध्ये बाबांना गावच्या घरामागे संडास-बाथरूम बांधायचं होतं. (मुंबईची माणसं आली की सकाळी रांग लागते, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी स्वतः रांगेत होते.) पण त्या जागेवर आजीने लावलेलं कोकमाचं झाड, आपला रातांबा, उभा आहे. तू म्हणालीस, आधी माझ्यार कुराड घाल. बाबा म्हणाले, माका तुझा नि तुझ्या रातांब्याचा कायेक नको. तेव्हापासून तुम्ही दोघं बोलत नाही, आणि शिमग्याच्या आधी झाड उतरवायला बाबांनी काशीरामला सांगून ठेवलंय. तरीही तू त्याच रातांब्याच्या बिया वाळवून, कुटून, उकळून, वर आलेलं तेल मुठीत वळून गोळा पाठवलास. बाबांनी तो बघितला आणि म्हणाले, ठेव तिकडे, मला लागत नाही. मी माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवते, आणि सगळी वाट तिथेच लागली.

जानेवारीत नॅशनल पार्ककडून जरा वारा सुटला की आमच्या सोसायटीत स्वेटर निघतात आणि ओठ फुटतात. मी दुकानातून लिपबाम आणला होता. पण डबीवर बारीक अक्षरात लिहिलेली नावं मी एकेक करून फोनवर शोधायला बसले आणि अर्ध्यावर आल्यावर ओठ पुसून टाकले. त्याच सुमाराला आईचं हळदीकुंकवाचं वाण ठरत होतं. गेल्या वर्षीच्या साबणदाण्या अजून आमच्याच माळ्यावर आहेत, कारण सोसायटीतल्या सगळ्यांनी एकमेकींना साबणदाण्याच लुटल्या होत्या. मी म्हटलं, या वेळी घरी केलेला लिपबाम देऊ या, स्वच्छ, शुद्ध, आत काय आहे ते आपल्याला माहीत असलेला. (हे वाक्य मी अगदी याच शब्दांत म्हटलं होतं. आई आता ते दिवसातून एकदा तरी मला म्हणून दाखवते.)

मेणाची आठवण आईनेच केली. आजी कुंकवाखाली मेण लावायची ना, ते मधमाशांचंच असतं, म्हणाली. स्टेशनजवळ कुंकवाचं जुनं दुकान आहे तिथे गेले. दुकानदाराने विचारलं, कुंकवाला हवंय की दोऱ्याला? मी म्हटलं, ओठांना. माझे ओठ बघून तो म्हणाला, कुंकवाचंच घेऊन जा.

पहिल्या खेपेला मेण जास्त झालं. आईने लावून बघितला आणि संध्याकाळपर्यंत तिला नीट हसता येईना. (बाबा म्हणाले, पण घर कसं शांत आहे.) दुसऱ्या खेपेला मी घाबरून मेण कमी घातलं आणि खोबरेल जास्त, तर पंखा बंद केला की त्याचं सार व्हायचं. रंग यावा म्हणून त्यात बिटाचा रस घातला. तो खाली थेंबाथेंबाने बसून राहिला. मी पळीने ढवळ ढवळ ढवळलं, पण तेल आणि बीट शेवटपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत, तुझ्या आणि बाबांसारखे. तेव्हा मला तुझ्या गोळ्याची आठवण झाली. कोकमतेल आमच्या उकाड्यातही घट्ट राहतं आणि ओठावर टेकलं की विरघळतं.

गोळा कपाटावरून काढला तेव्हा तो एका बाजूने चपटा होता आणि त्यावर बारीक बारीक रेघा होत्या. मला वाटलं, निलेश आला त्या लक्झरी बसमध्ये कशाखाली तरी दबला असेल. तरी मी तो दोनदा धुतला, वरचा थर सुरीने खरवडून टाकला, पातेल्यातल्या गरम पाण्यावर वाटी ठेवून वितळवला आणि मलमलीच्या फडक्यातून गाळला. हे मुद्दाम लिहून ठेवते आहे, पुढे कुणी विचारलं तर.

आत्ये, काय झाला म्हणून सांगू! मऊ, पांढुरका, वासाला किंचित रातांब्यासारखा (किंवा मला तसं वाटलं). छोट्या डब्यांत भरला, वर तिळगुळाची पुडी ठेवली आणि समस्त सोसायटीच्या बायकांना दिला. दुसऱ्या दिवशी तुला ते पत्र टाकलं.

त्याच आठवड्यात बाबा काहीतरी शोधायला लागले. आधी स्टूल घेऊन कपाटावर बघितलं. मी विचारलं, काय हवंय? म्हणाले, पाना. मग माळ्यावर चढून साबणदाण्या खाली काढल्या. तिथेही पाना. मग पलंगाखाली, मग देवघराच्या खणात. आईने टूलबॉक्समधला पाना आणून त्यांच्या हातात दिला तेव्हा तो त्यांनी नळाशी नेला, थोडा वेळ नळाकडे बघितलं आणि परत ठेवून दिला. चालत होते ते पावलांच्या कडांवर. मी विचारलं, पाय दुखतोय का? म्हणाले, नवीन चप्पल आहे. (चप्पल नवीन नव्हती. आता तू म्हणशील, एवढ्यावरून तरी कळायला हवं होतं. हो, हवं होतं.)

मग गेल्या रविवारी दुसऱ्या मजल्यावरचे हर्षदभाई आले. हातात आमचीच डबी. म्हणाले, राजेशभाई, तुमच्या बेबीने काय चीज बनवली आहे! मिसेसने ओठाला लावली, मी टाचेला लावली. एकदम झकास!

बाबांना राहवलं नाही. म्हणाले, हर्षदभाई, असं बोटाने लावून काय होणार? गोळा दिव्यावर जरा शेकायचा, टाचेवर फिरवायचा, भेगेत दाबून भरायचा, वरून मोजा. सकाळी टाच बघा, तान्ह्या बाळाची. हर्षदभाईंनी विचारलं, असा गोळा मिळतो कुठे? बाबा म्हणाले, मिळत नाही, माझी बहीण करते. (माझी बहीण! मेपासून आमच्या घरात तू नुसती ‘ती’ होतीस.) आणि मग त्याच ओघात माझ्याकडे वळून म्हणाले, अरे हो, माझा गोळा कुठे ठेवलायस गं?

आई चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. म्हणाली, कुठला गोळा? तुम्हाला तर लागत नाही ना?

मी बाबांच्या पायांकडे बघितलं, मग हर्षदभाईंच्या हातातल्या डबीकडे, मग आईच्या ओठांकडे. त्या चपट्या बाजूवरच्या रेघा माझ्या डोळ्यांपुढे आल्या. हर्षदभाईंनी मात्र शांतपणे चहा संपवला. त्यांना अजून काही माहीत नाही, आणि सगळ्या सोसायटीत ती वस्तू योग्य जागी लावणारे ते एकटेच आहेत.

आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग उठून तिने पुन्हा ओठांना तोच बाम लावला. म्हणाली, लग्नानंतर पहिल्या महिन्यात मी यांच्या हातचं सांबारं खाल्लंय, त्यापुढे हे काहीच नाही. पण मला असं हसण्यावारी नेता येत नाही. सुहासिनीकाकूंनी (आमच्या महिला मंडळाच्या त्या सर्वेसर्वा) ग्रुपवर लिहिलंय की असा बाम जन्मात बघितला नाही, आणि मुलुंडच्या बहिणीसाठी आणखी हवाय. मी म्हटलं, सगळ्यांकडून डब्या परत मागू या. आई म्हणाली, हळदीकुंकवाचं वाण परत मागतात का कुणी? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? मी ‘काही कारणास्तव’ अशी सुरुवात करून मेसेज लिहिला, तर बाबा म्हणाले, माझ्या टाचा ग्रुपवर आल्या तर मी गच्चीवर राहायला जाईन.

 त्या दिवशी जेवताना आईने भात वाढता वाढता म्हटलं, शिमग्यापर्यंत झाड जाईल, मग पुढच्या वर्षी टाचांना काय लावणार? बाथरूमची फरशी? बाबांनी आमटी मागितली. पण दुसऱ्या दिवशी ते कॅलेंडरच्या जुन्या पानामागे पट्टीने काहीतरी काढत बसले होते. बाथरूमचा नकाशा होता. त्याचा एक कोपरा कुणी चावा घेतल्यासारखा आत गेलेला, आणि तिथे एक गोल. मी विचारलं, हा गोल कसला? म्हणाले, कसला नाही, पेला ठेवला होता मी तिथे. पेला ओला असता तर मी विश्वास ठेवला असता, पण तो गोल पेन्सिलीचा होता.

तर आत्ये, तुझ्या गोळ्याला या घरात दिवाळीपासून कुणी जपलं असेल तर ते बाबांनी. मी तुला उलटं कळवलं आणि तुला चार ओळींवर आणलं, म्हणून ही दुरुस्ती. शक्य असेल तर एक नवा, कुणाच्याही पायाला न लागलेला गोळा माझ्यासाठी काढून ठेव. मला सगळ्यांना नव्याने बाम करून द्यायचा आहे. गुडघ्याला जप. गुणाजीकाकांना नमस्कार, म्हशीला नाही.

तुझी,
श्रुतिका

ता. क. गोळ्याचं निमित्त होतं, खरं मागणं हे आहे. बाबांनी तिघांची तिकिटं काढली आहेत. कुणकेश्वरच्या जत्रेला जायचंय म्हणतात. (आजवर ते म्हणायचे, देवाला गर्दीत कशाला भेटायचं.) आम्ही महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, तुझ्या दारात असू. बाबा माफी मागणार नाहीत. ते मापाची टेप घेऊन थेट मागच्या अंगणात जातील आणि भिंतीबद्दल काहीतरी बोलतील. तीच माफी समज, आणि टेपचं दुसरं टोक धर. त्याआधी काशीराम कुऱ्हाड घेऊन आला तर बाबांनी थांबायला सांगितलंय असं सांगू नकोस, कारण त्यांनी अजून तसं तोंडाने म्हटलेलं नाही आणि मला ते खोटं पडायला नको. तू त्याला नुसते घावणे घाल. तो उठणार नाही.

दुसरा ता. क. पाकीट पुन्हा उघडलं आहे. चिकटवायला बाबांकडे दिलं होतं, तर म्हणाले, तिला लिही, गोळा या वेळी जरा मोठा वळ, गेल्या वर्षीचा पुरला नाही. मी विचारलं, पत्र वाचलंत? म्हणाले, वाचायला कशाला हवं, एवढं जाड पत्र दुसऱ्या कशाबद्दल असणार?

शेवटचा ता. क. सुहासिनीकाकूंना आणि सगळ्यांना खरं सांगायचं मी पक्कं केलंय. मेसेज तयार आहे, टाचांसकट. तुझ्या विहिरीच्या कठड्यावर उभी राहून तो पाठवीन, लगेच खाली उतरेन आणि रातांब्याखाली येऊन बसेन. तिथे रेंज येत नाही. दिवसही ठरवलाय: शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवार, १६ फेब्रुवारी.