तिसरी गाठ

उस्ताद, पोलिसांनी टामी जप्त केली, दोरी मात्र टेम्पोतच राहू दिली. तीच दोरी, तुमच्या हातची. चाक खोलायची हातभर लोखंडी टामी सीटखाली ठेवायची नाही, मागं स्टेपनीला तीन गाठी मारून बांधायची, हा तुमचा कायदा. देगलूरच्या अड्ड्यावरचे सगळे ड्रायव्हर तुम्हाला हसायचे. पंक्चर झालं की म्हातारा गाठी सोडत बसतो, म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, "पंक्चरला घाई नसते रे. घाई रागाला असते. तिसऱ्या गाठीपर्यंत सैतान बी कंटाळून निघून जातो."

भोकर रोडचा तो दिवस आठवतो का? मी नुकता स्टिअरिंगवर बसायला लागलो होतो. एका जीपनं कट मारला, आपला आरसा उडवला आणि वर पुढं थांबून जीपवाला माझ्या आईवरून शिव्या देऊन राहिला होता. मी उडी मारून उतरलो. तुम्ही अडवलं नाही. "टामी पायजे ना? जा, काढ," म्हणालात आणि बिडी पेटवली. मी दुसऱ्या गाठीवर होतो तोवर जीप दिसेनाशी झाली. तिसरी सोडायचं कारणच उरलं नाही. तुम्ही असे खदाखदा हसलात की मलाही हसू आलं. मग चहा पिताना तुम्ही ड्रायव्हर लोकांच्या तऱ्हा सांगितल्यात. गोचिडासारखा मागं चिकटणारा, भर दुपारी डिप्पर मारणारा, पुढं घुसून मुद्दाम ब्रेक दाबणारा. "हे समदे भुंकणारे. भ्यायचं ते गप बसणाऱ्याला. हॉर्न बी मारत न्हाई, मनात धरून ठेवतो. बेटा, तू त्यातला हायस. ही दोरी तुझ्यासाठीच हाय." मला लई राग आला होता. मी चहा तसाच ठेवून उठलो होतो.

मागच्या उन्हाळ्यात लेकीला लातूरच्या क्लासवरून घरी आणत होतो. मागं तूरडाळीचे कट्टे, शेजारी ती, मांडीवर पुस्तकांची बॅग. अहमदपूरच्या पुढं एक पांढरी कार मागं लागली. तुम्ही सांगितलेले तिन्ही भुंकणारे त्या एकाच माणसात होते. चिकटला, डिप्पर मारले, कट मारून पुढं आला आणि कचकन ब्रेक दाबला. लेकीचं कपाळ काचेवर आपटलं. त्यानं गाडी चालवतच मान बाहेर काढून तिच्यावरून घाण शिवी दिली आणि निघून गेला. मी गप. हॉर्नही मारला नाही. पुढं चहाच्या टपरीशी त्याची कार उभी दिसली, तो पाण्याची बाटली घेत होता. मी टेम्पो शांतपणे बाजूला लावला, किल्ली काढून खिशात ठेवली आणि उतरलो.

आधी त्याची काच फोडली. तो धावत आला. डोकं वाचवायला त्यानं हात वर केला, फटका मनगटावर बसला. वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज झाला. तो खाली पडला तरी मी थांबलो नाही. गुडघ्यावर मारलं, पाठीवर मारलं, परत त्याच हातावर मारलं. तो "भाऊ, चुकलं, भाऊ" म्हणत होता. टपरीवाल्यानं आणि आणखी दोघांनी मला कवळ घालून मागं ओढलं तेव्हा कुठं हात थांबला. तुमच्यापाशी काय लपवू, मारताना बरं वाटत होतं.

तो नांदेडचा शिंपी निघाला. आता त्याला उजव्या हातात कात्री धरता येत नाही.

वकील म्हणतात, टामी सीटखालीच होती असं सांगा. शिवी ऐकली, भान गेलं, हाताला लागलं ते मारलं. मुलीनं पण हेच सांगायचं, म्हणजे शिक्षा कमी होईल. टपरीवाल्यानं मला टामी घेऊन येतानाच पाहिलं. त्याआधीचं फक्त लेकीनं पाहिलंय आणि उद्या कोर्टात तिची साक्ष आहे. आज सकाळी तिनं चहा माझ्यापुढं ठेवला आणि विचारलं, "पप्पा, तुम्ही मागं गाठी सोडून राहिले होते, तवा मी हाका मारल्या. ऐकू आल्या का न्हाई?"

"न्हाई बेटा."

"मग उद्या काय सांगू?"

माझा चहा निवून गेला. शेवटी म्हणालो, जे पाहिलंस तेच सांग. ती उठली. आत जाऊन कोर्टात घालायच्या ड्रेसला इस्त्री करत बसली.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही. देगलूरच्या कबरस्तानात कुठला पोस्टमन येतोय? घडी करून दोरीसोबतच ठेवून देतो. पण उस्ताद, तुमच्या दोरीला कुणी नावं ठेवू नयेत. पहिल्या गाठीला लेकीची हाक ऐकली. दुसऱ्या गाठीलाही ऐकली. तिसरी घट्ट बसली होती, बोटांनी सुटेना.

ती मी दातांनी सोडली.