विहिरीचं घर

आई, परवा मी त्या घरात जाऊन आले. तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण तू गेलीस तरी तुला सांगितल्याशिवाय माझं काही पचत नाही. सावेडीला फ्लॅट आहे, नळाला पाणी आहे, सगळं बरं चाललंय. तरी स्टेशनला जाताना रिक्षा मी मुद्दाम त्या गल्लीतून घ्यायला लावते. घडीव दगडाच्या भिंती, माडीची रंगीत तावदानं, मागे लिंब आणि लिंबाखाली विहीर. पडलं-झडलं असतं तर बरं झालं असतं. आता तिथं राहतात त्या लोकांनी ते अगदी नीट राखलंय.

आपण भाडेकरू होतो, पण तू कधी तसं वागली नाहीस. मालक पुण्याला. 'विकायचं निघालं तर आधी बाईंना विचारीन,' एवढं ते एकदा चहा पिताना बोलले, आणि तू दर दिवाळीला त्यांच्या भिंतींना स्वतःच्या हातानं चुना देत राहिलीस. मग बहात्तरचा दुष्काळ आला. आसपासच्या विहिरी आटल्या, आपली आटली नाही. तू शाळेत शिकवून येतेस तोवर फाटकाशी हंडे-घागरींची रांग. 'बाई, दोनच घागरी. लेकरं सकाळधरनं तशीच हायेत,' असं कुणी म्हटलं की तू रहाट मोकळा करतेस. मी नववीत, तोंडाळ. तू भाकरी थापत असताना म्हणाले, 'फाटकाला कुलूप लाव. सगळ्या नगरला कळलंय आपल्याकडे पाणी आहे.' काथवटीतून हात न काढता तू म्हणालीस, 'पुन्हा हे बोललीस तर जेवायला वाढणार नाही.' मी पुन्हा बोलले, आणि तू खरंच वाढलं नाहीस.

त्या रांगेत एका अडत्याचा गडीही असायचा. एक दिवस त्याच्यामागोमाग अडत्या स्वतः आला. विहिरीत वाकून बघितलं, खडा टाकून बघितला, तुला नमस्कार केला आणि पुण्याची गाडी धरली. मालकांनी आपल्याला विचारलंसुद्धा नाही. 'त्यांची वस्तू, त्यांनी दिली,' म्हणालीस. सामान हातगाडीवर चढत होतं तेव्हा रांगेतली एक बाई तुझा हात धरून रडत होती, 'आता आमाला कोन पानी देनार?' आणि तू तिची समजूत घालत होतीस. मीही रडत होते गं, जिन्यात बसून. पुढे तू त्या घराचं नाव काढलं नाहीस. शेवटच्या आजारात एकदाच विचारलंस, 'विहिरीला पाणी आहे ना?'

माझा राग त्या अडत्यावर नाही, तुझ्यावर आहे. इतकी वर्षं झाली, अजून जात नाही. परवा फाटक उघडं दिसलं म्हणून आत गेले. त्याच्या सुनेनं ओट्यावर बसवलं, तांब्या-भांडं पुढे ठेवलं. 'आमच्या विहिरीचं आहे, आम्ही हेच पितो,' म्हणाली. मी म्हटलं, नको, आत्ताच पिऊन निघालेय.

हे तुला पोचायचं नाही, म्हणून सांगते. मला तहान लागली होती.