नदीकाठच्या मैदानाची हवा

५ जाने., सोम.
हवेचं कॉम्प्युटर मॉडेल अखेर न अडखळता चाललं! शहरात धूर कुठे, कधी साठतो ते तासातासाने दिसतं. सगळ्यात लाल ठिपका नदीकाठचं मैदान. थंडीत गार हवा तिथे उतरते, वर उबदार थर झाकणासारखा बसतो, खालचा धूर खालीच. आणि रविवारी सकाळी साडेसहाला तिथेच मुलींच्या धावण्याची जिल्हा निवड. आमची मंजुळा पळणार. पेठ तालुक्यातून आली, आमच्याकडे राहून शिकते. सध्या खोकला.

६ जाने.
हवा मोजायचं यंत्र घेऊन सकाळीच मैदानावर. मॉडेलने सांगितली त्यापेक्षा हवा वाईट. चिडले. मग दिसल्या रस्त्याकडेच्या शेकोट्या. मी धरल्याच नव्हत्या! दुपारी मॉडेलमध्ये घातल्या. आता जुळतंय. मस्त.

७ जाने., बुध.
मुलींचे कोच शेख सर यांना नकाशा दाखवला. निवड साडेनऊला घ्या म्हटलं.
"कॉम्प्युटर म्हणतो म्हणून? मॅडम, उन्हात मुली दमतात."
म्हटलं, उद्या हवा ठीक असेल. परवा वारा पडेल, मैदान धुराने भरेल. बघाच.
"आणि चुकलात तर?"
"तर साडेसहा."
घरी मंजुळा रुसलेली. "ताई, माझं नाव नाय ना घेतलं? सर म्हणतील, ही नाजूक हाय."
नाही घेतलं.

९ जाने., शुक्र.
बरोबर!! काल स्वच्छ, आज पलीकडची भिंत दिसेना. सरावातल्या दोन मुली खोकत खाली बसल्या, सरांनी सराव थांबवला. फोनवर एवढंच, "साडेनऊ." 
आज मिसळ माझ्याकडून.

११ जाने., रवि.
मैदानावरच लिहितेय. साडेनऊ होत आले. ढग आले. ऊन नाही, जमीन तापेना, झाकण हलेना. हे ढग माझ्या कालच्या अंदाजात नव्हते. आताच पुन्हा चालवून पाहिलं: साडेदहाला पश्चिमेचा वारा. पटतंय मला.
पालक कुरकुरतायत. मंजुळा बूट बांधून उभी. "ताई, पळू द्या ना आता. लय थांबलो."
शेख सर शिट्टी हातात घेऊन आले. "मॅडम, बोला."
"साडेदहा."

सरांनी शिट्टी खिशात टाकली, शेजारी पायरीवर बसले. वारा अजून नाही.