तुम्ही न गायलेलं गाणं

दादा,

परवा राहनाळच्या गोदामात दुपारच्या सुट्टीत डबा उघडला आणि शेजारच्या बाईच्या मोबाईलमधून तुम्ही गायला लागलात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घास हातातच राहिला. जयंतीला वस्तीच्या स्टेजवर लावायचात तोच वरचा सूर, ओळ संपताना तीच खरखर. शब्द मात्र तुमचे नव्हते. जुनी घरं सोडा, सही करा, बिल्डर टॉवर बांधून देतोय, असं तुम्ही गात होतात. आपल्याच वस्तीला.

पॉवरलूमवरची ड्युटी सांभाळून तुम्ही गाणी रचायचात. एकच कॅसेट निघाली आणि लगेच बाजारात तिच्या नकला आल्या, त्यांच्यावर तुमचं नावही नव्हतं. मला आठवतं, बापाचं बोट धरून मी कॅसेटच्या दुकानात उभी आहे. दुकानदार हसून म्हणतो, "चाचा, घर घर में बज रहे हो, और क्या चाहिए?" घरी आई भाकरी थापतेय, तिच्याजवळ बसून मग तुम्ही म्हणता, "गानं लोकांचं हाय, त्यांनी गावं. पन घाम माझा हाय. इचारायला तरी पायजे का न्हाय?" आई म्हणाली होती, आपल्याला कोण विचारतंय.

त्याच नकला पुढे कुणीतरी इंटरनेटवर टाकल्या. आम्हाला उलट बरंच वाटलं, दादा ऐकू येतात म्हणून. बिल्डरच्या गाण्यासाठी तुमचा आवाज तिथूनच उचलला गेला. विचारत विचारत मी अंबाडीच्या एका गाळ्यात पोचले. गाणं बनवणारा माणूस सभ्य होता, त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. शब्द बिल्डरच्या माणसाने दिले, आवाज कॉम्प्युटर शिकला, असं त्याने समजावलं. मी म्हटलं, कुणाला विचारलंत?

"ताई, गेलेल्या माणसाला कसं विचारणार?"

आम्ही तर जिवंत होतो, मी म्हणाले. तो हळूच म्हणाला, अजून दोन गाण्यांची ऑर्डर आहे.

वस्तीत घरोघर सांगत फिरले, हे दादा नाहीत. तुमच्यामागे कोरस धरणाऱ्या मावशींनी सही केलीसुद्धा. "तुझा बाप आपल्याला खोटं सांगंल का?" त्या म्हणाल्या. मी त्यांना आधी तुमचं जुनं गाणं ऐकवलं, मग हे बिल्डरचं. त्यांनी डोळे मिटून दोन्ही ऐकली आणि दुसऱ्यावर मान डोलावली. "ह्यो तुझा बाप. पयला कोन हाय, वळखू येत न्हाय."

आता पोलिसांत तक्रार करायची आहे. हा आवाज त्यांचा नाही, हे तुम्ही कशावरून सांगता, असं तिथे विचारतील. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून तुम्हाला सांगते. मावशींकडून घरी आल्यावर दार लावून मी दोन्ही गाणी पुन्हा ऐकली. मलाही दुसरंच तुमचं वाटलं.